तीन हजार अक्षरं

“आता हा कायदाही वाचा. मराठीत, मोठ्यानं,” विवाह नोंदणी अधिकारी हसबनीसबाई नवरदेवाला म्हणाल्या.

सगळ्यांच्या घशातली चिप याच नवरदेवानं, निमिष तोरणेनं, बनवली होती. सरकारनं माणशी रोज तीन हजार अक्षरं बोलायची मुभा दिली होती, पण चिप अक्षरांऐवजी मोजायची संगणकातले बाइट. इंग्रजी अक्षराला एक, तर मराठी अक्षराला तीन बाइट लागत, म्हणून मराठी माणसं दुपारीच मुकी होत. बाईंनी तक्रार केली तेव्हा, “मग इंग्रजीत बोला की!” म्हणून निमिष हसला होता.

पहिल्याच पानावर त्याचा आवाज गेला.

“लग्नाला संमती आहे?”

त्यानं जोरजोरात मान हलवली.

“अहो, हो म्हणतोय तो!” नवरी ओरडली.

“संमती तोंडी लागते.” सकाळपासून जपलेली अक्षरं बाईंनी सावकाश खर्च केली. “नवरदेव गप्प आहे. पुढचं जोडपं, या!”