पडद्यामागची जागा

सत्त्याहत्तर साली अड्याळच्या मंडईत, दिवाळीनंतरच्या जत्रेत, सिनेमाचा तंबू लागला आणि त्यात केवळरामांचा जुना मूकपट आला. गावच्या या विनोदी नटाला जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. रिवाजाप्रमाणे पुरुष पडद्यासमोर बसले, बाया पडद्यामागे. पातळ कापडावरचं चित्र दोन्हीकडून दिसायचं.

केवळरामांची बायको गोदावरीबाई बायांत अगदी पुढे बसली होती.

"एक शब्द न बोलता अख्ख्या मुलुखाले हसवलं माह्या मालकानं," ती शेजारच्या धुरपताला सांगत होती. पडद्यावर केवळराम चिखलात आपटले, सारा तंबू खदखदून हसला, तशी तिची मान आणखी ताठ झाली.

शेवटी ते पाठ फिरवून दूर निघाले. "चालला, चालला," समोरून पुरुष ओरडले.

बायांकडे मात्र कोणी हसेना. इकडून केवळरामांचा चेहरा दिसत होता. दाढीचे पांढरे खुंट वाढलेला, मरणाच्या दिवशीचा. पावलागणिक तो मोठा होत होता.

मग पडद्याचं कापड बायांच्या बाजूला फुगलं.

गोदावरीबाईनं पदर सावरला.

"सरका वो जराशा," ती म्हणाली. "मालकायले बसू द्या."