दोघांचे अंगठे

“अठराचे एकदम सत्तावीस? एक रुपया वाढवणार नाही,” मी दारातूनच सुनावलं. सीताबर्डीतल्या या फ्लॅटसाठी लोक रांग लावून उभे आहेत, हे घरमालक ठवरेंनी मला तिसऱ्यांदा ऐकवलं. मग त्यांनी बाहेरून मूठ धरून दार धाडकन ओढलं. माझा उजवा हात चौकटीवर होता. अंगठ्याचं हाड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“आता बोला,” दार पुन्हा उघडत ते म्हणाले.

तेवढ्यात करार करणारा एजंट जिना चढून आला. त्याने टेबलावर लॅपटॉप आणि अंगठा घ्यायचं मशीन मांडलं, आणि मला न विचारताच भाडं सत्तावीस हजार टाकलं. मी अंगठा टेकवला. काच रक्ताने माखली. मशीनने ठसा घेतला नाही.

एजंटने माझ्याकडे न बघता रुमालाने काच पुसली. “डावा द्या मॅडम. डावाबी चालते.”

“पाहा, उगाच ताणत होत्या,” ठवरे हसले. ते उंबऱ्यात, चौकटीला हात टेकून उभे होते.

मी उठले आणि खांद्याचा सगळा जोर लावून दार लोटलं. त्यांची किंकाळी खालच्या दुकानांपर्यंत गेली असेल.

दार उघडलं तेव्हा ते उजवा हात पोटाशी धरून पायरीवर बसले होते. एजंट म्हणाला, “मॅडम, करारावर मालकांचाबी अंगठा लागते.”

“डावा घ्या,” मी म्हणाले. “आणि भाडं अठराच टाका.”