डबीचे दार

हॉटेलवाल्याने दार तिसऱ्यांदा आपटले. ते लागले नाही. मग त्याने तो नाद सोडला, मोटारीचे पुढचे झाकण उघडले आणि आतल्या जागेत माती भरून फुलझाडे लावण्याचा आपला बेत मिस्त्रीस कथन केला. हॉटेलच्या फाटकापाशी ती उभी राहील, लोक तिच्यासमवेत छायाचित्रे काढतील. दार लागो वा न लागो, त्याचे त्याला सोयरसुतक नव्हते. दुपारी ओढून न्यायला माणसे पाठवतो, एवढे सांगून तो निघून गेला.

मिस्त्री खोक्यांना दोऱ्या बांधू लागला. संध्याकाळपर्यंत गॅरेज रिकामे करून द्यायचे होते. हत्यारे खोक्यांत भरून झाली होती. भिंतीवरचे खिळेसुद्धा उपटून झाले होते. राहिली होती ती फक्त डबी.

डबी हे त्या मोटारीला लोकांनी दिलेले नाव. कारखान्याने ठेवलेले नाव कोणाच्या जिभेवर कधी बसलेच नाही. इंजिन मागे, सामान पुढे, आसने चार आणि बसणारी माणसे सात. ज्यांच्या सात पिढ्यांत कोणी मोटारीत पाऊल ठेवले नव्हते, अशा घरांना तिने दारातून उचलून जग दाखवले. कारखान्याची काटकसर अशी की, दाराला आतून मूठ न देता नुसता कापडी पट्टा दिला होता. अठ्ठावीस वर्षे तिचा आकार बदलला नाही. नंतर मोठ्या, गुळगुळीत गाड्या आल्या. एके दिवशी कामगारांनी शेवटच्या डबीपाशी उभे राहून फोटो काढून घेतला आणि कारखान्याचा तो भाग बंद झाला. तदनंतर शहरातील यच्चयावत डब्यांचे पालनपोषण मिस्त्रीकडे आले.

त्यातही दारे बसवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. आणि त्याच्या स्वतःच्या डबीचे दार मात्र चोवीस वर्षे लोंबत होते. गिऱ्हाइके यावरून टोमणे मारीत. बायको म्हणे, "गावभर दारं लावत फिरता, घरचंच तेवढं जड झालं का हो?" मिस्त्री ते हसण्यावारी नेई.

वस्तुतः ते दार त्याच्या थोरल्या भावाने वाकवले होते. वडिलांना न विचारता त्याने डबी बाहेर काढली आणि विजेच्या खांबाला घासली. धाकटा लगेच हातोडी घेऊन बसला, तर वडिलांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली. "ज्यानं वाकवलं, त्यानंच सरळ करायचं," एवढेच ते म्हणाले. थोरलाही त्यांचाच मुलगा. त्याने हातोडीकडे ढुंकून पाहिले नाही. महिनाभर बापलेक त्याच दाराशी आळीपाळीने झटापट करीत गाडी चालवत राहिले, पण एकमेकांशी चकार शब्द बोलले नाहीत. मग एका सकाळी थोरला घर सोडून गेला. वडील वारले तेव्हाही तो आला नाही, कारण त्याचा पत्ताच कोणापाशी नव्हता. वडिलांचा शब्द मात्र धाकट्याने खाली पडू दिला नाही. आज डबी गेली की, त्या भावाने परत येऊन हात लावावा असे या घरात काहीच उरणार नव्हते.

दुपार होण्यापूर्वी एक टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली आणि तिच्यातून एक तरुण उतरला. मागच्या आसनावर आणखी कोणी वर्तमानपत्र उघडून बसले होते. टॅक्सीचे इंजिन चालूच होते. पेट्रोलची ही नासाडी मिस्त्रीच्या कानाला टोचू लागली. तरुण डबीच्या विक्रीची जाहिरात वाचून आला होता. गाडी दिल्यात जमा आहे, असे मिस्त्रीने त्यास सांगितले. तरीही तो हलेना.

"काका, नुसती बसून बघतो," तो म्हणाला. "ही गाडी मी फोटोतच पाहिलीय. बसलो कधीच नाही."

"बस की. पण दाराच्या वाटेला जाऊ नकोस. ते मी बाहेरून लावतो. खोड आहे तिची."

मिस्त्री फडक्याला हात पुसत पुढे आला. तोवर तरुण आत बसला होता. त्याने काच खाली केली. पट्ट्याचा एक वेढा मनगटाला घेतला. दुसरा हात खिडकीतून बाहेर काढून बाहेरची मूठ बोटभर वर उचलली आणि दार ओढून घेतले. ते खट्‌कन लागले.

मिस्त्री जागच्या जागी थांबला. ही युक्ती जगात तिघांनाच ठाऊक होती. बायकोलाही त्याने ती कधी शिकवली नव्हती. त्या तिघांपैकी एकजण वारले होते आणि एकजण हातात फडके घेऊन येथे उभा होता.

आपल्या हातून काय झाले, हे तरुणाच्याही ध्यानात आले असावे. त्याने मनगटाचा पट्टा सोडवला नाही. तो गल्लीच्या तोंडाकडे पाहत राहिला. टॅक्सीतले वर्तमानपत्र खाली आले होते.

मिस्त्रीने एका खोक्याची दोरी सोडली. तळापर्यंत हात घालून वडिलांची हातोडी वर काढली, पुसली आणि डबीच्या टपावर ठेवली. मग तो खिडकीशी वाकला.

"दार लावायला तुझ्या बाबांनी बरं शिकवलंय तुला," तो म्हणाला. "जा, ती टॅक्सी सोडून द्यायला सांग, उगाच पेट्रोल जळतंय. आणि दादाला म्हणावं, दार अजून कोणी सरळ केलेलं नाही."