आधी अक्षर, मग बोट

२००८ साली अमृत शिनोली गावातल्या आपल्या घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करायचा. संगणकाच्या आत चालणारा दुसरा, नुसत्या प्रोग्रामचा संगणक तो दुरुस्त करत होता. कीबोर्डवरची की दाबली की त्या आतल्या संगणकाला इशारा जायचा: हातातलं काम थांबव, आधी हे बघ. दोन इशारे एकदम गेले तर एक हरवायचा आणि आतला संगणक गोठायचा. त्या दुपारी अमृतने इशाऱ्यांना रांग लावली. एकाचं झाल्याशिवाय दुसऱ्याला आत सोडायचं नाही.

गोठणं थांबलं. पण तपासायला त्याने 'क'वर बोट नेलं, तर पडद्यावर 'क' आधीच उमटला होता. त्याने बोट 'म'कडे वळवलं. 'म'ही आलेला होता.

त्याने बायकोला, अक्षदाला, बोलावलं.

"तुमचाच हात लागला असंल," ती म्हणाली.

अमृतने कीबोर्डची वायर संगणकातून उपसली आणि कीबोर्ड तिच्या मांडीवर ठेवला. "आता काय बी यायला नको."

पडद्यावर एकेक अक्षर येत गेलं. 'हिला घरातनं घालव.'

"हे तुमी लिवलं?" अक्षदाने विचारलं.

"न्हाई गं. वायर माझ्या हातात हाय."

'घालव, नायतर मी' एवढं आलं आणि थांबलं.

अमृतने घाईने संगणक बंद केला. पडदा काळा झाला.

तेव्हा अक्षदाच्या मांडीवर 'ह'ची की आपोआप खाली गेली. मग पुढची. पडद्यावर आलेलं सगळं त्याच क्रमाने दाबलं गेलं.

'मी'च्या पुढेही कीज दबतच राहिल्या.