लागलं का?

मैदानात आता दोघंच उरले होते. टायरांच्या ढिगामागे तिचा नवरा आणि पाण्याच्या निळ्या पिंपामागे समोरच्या संघाचा 'यमदूत', जो एरवी दातांचा डॉक्टर होता. बाकीचे सगळे रंगाने माखून जाळीबाहेर उभे होते. ती मधोमध उभी होती. गळ्यात शिट्टी, तोंडावर मास्क, राष्ट्रीय पेंटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्याची मुख्य पंच. तिने आयुष्यात रंगाची एक गोळी झाडली नव्हती.

नवरा जिंकला तर राष्ट्रीय संघाचा कप्तान होऊन दोन महिने परदेशी खेळायला जाणार होता. हरला तर बंदूक माळ्यावर टाकणार होता. तसं त्याने स्वतःहून कबूल केलं होतं. मुलगी तीन वर्षांची, जाळीपलीकडे नणंदेच्या कडेवर बसून बिस्कीट चघळत होती. तो हरावा असं तिला मनापासून वाटत होतं. पंचाला असं वाटू नये, हेही कळत होतं. पण बायकोला वाटलं तर चालतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

हे सगळं तिच्याच एका प्रश्नामुळे झालं होतं. मुलगी झाली त्या वर्षी नवरा दर रविवारी अंगभर जांभळे वळ घेऊन घरी यायचा आणि विचारलं की म्हणायचा, कुठं काय. शेवटी तिने या खेळाचा फोरम शोधून काढला. जेमतेम डझनभर माणसं, तीही एकमेकांवर गुरगुरणारी. तिने 'काळजीवाहू' नावाने खातं उघडलं. कुणीही सामन्याची हकिगत लिहिली की ती खाली विचारायची, लागलं का?

तिला दुखापतीचं विचारायचं होतं. पण या खेळात 'लागलं' म्हणजे गोळी लागली, गडी बाद. आणि या मंडळींची सगळी भांडणं त्यावरूनच होती. गोळी लागली की प्रत्येकजण हळूच बाहीने रंग पुसायचा आणि खेळत राहायचा. त्यांना वाटलं, कुणीतरी करडी बाई चौकशीला आली आहे. पहिला कबूल झाला तो 'काळा विंचू'. हो काकू, लागलं होतं, मी पुसलं, असं त्याने लिहिलं. 'काळजीवाहू'चं 'काकू' त्यानेच केलं. ती तेव्हा सत्तावीस वर्षांची होती आणि विंचू पन्नाशीला टेकलेला. तिने उत्तर दिलं, बर्फ लावा. विंचवाला ती शिक्षा वाटली. त्याने इमानेइतबारे बर्फ लावला आणि पुरावा म्हणून फोटोही टाकला.

मग कुठून कुठून लोक फोरमवर नुसते कबुली द्यायला येऊ लागले. डझनाचे हजारो झाले. शहराशहरांत संघ निघाले, संघांची संघटना झाली, संघटनेची घटना झाली. घटनेचं पहिलंच कलम असं की, पंचांनी विचारल्यावर तोंडातून 'लागलं' गेलं की गडी बाद. रंग दिसो वा न दिसो. म्हटलेलं परत घेता येणार नाही. पंच म्हणून अर्थातच काकू. अहो, मला ते विचारायचंच नव्हतं, असं तिने दोनदा लिहून पाहिलं. लोकांना तो तिचा विनय वाटला.

टायरांमागून नवरा उठला. पिंपामागून यमदूत उठला. दोन्ही बंदुका एकदमच फटफटल्या आणि नवरा बरगडी धरून टायरांवर कोसळला. रंग कुठेच नव्हता. गोळी न फुटता आदळली, की याचाच पाय घसरला, कुणालाच नीट दिसलं नाही. तिने शिट्टी मारून खेळ थांबवला आणि धावत गेली.

"लागलं का?"

जाळीबाहेरचे सगळे कान देऊन जाळीला चिकटले. उत्तर तिला पाठ होतं. बोट सुजून टम्म झालं तेव्हाही तो म्हणाला होता, कुठं काय. डोळा उघडत नव्हता तेव्हाही तेच. त्याने मास्क वर केला. मैदानात मास्क काढू नये, हे ओरडायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"लागलं गं," तो म्हणाला. "खूप लागलं."

बाहेर एकच कल्ला उसळला. यमदूताचा संघ एकमेकांच्या गळ्यात पडला. आपण काय बोलून बसलो ते नवऱ्याला तेव्हा कळलं आणि त्याने बंदूक मुकाट्याने जमिनीवर ठेवली. परदेश गेला, रविवार घरी आले. तिला हवं होतं ते सगळं एका शब्दात मिळालं होतं. तिने गुडघे टेकून त्याचा शर्ट वर केला. बरगडीवर बशीएवढा लालभडक डाग उठला होता. एवढ्या लोकांसमोर तिने त्यावर फुंकर घातली. तो हलला नाही, लाजलाही नाही.

यमदूत जवळ आला. माणूस सभ्य होता. रुग्णाला दात काढावा लागेल असं सांगताना बोलावं, तसा हळू आवाजात बोलला.

"काकू, पहिलं कलम. लागलं म्हणाला तो. सगळ्यांनी ऐकलंय हो."

ती उठली. गुडघ्यांची धूळ झटकली. खाली ठेवलेली बंदूक उचलून तिने नवऱ्याच्या हातात दिली आणि त्याचा मास्क खाली ओढून नीट बसवला.

"'लागलं गं' म्हणाला तो," ती म्हणाली. "पंचाला कुणी 'गं' म्हणतं का? चला, खेळ सुरू करा."