सरपंचबाईंचा फोटो

पंचायतीच्या भिंतीवर लावायला नव्या सरपंच शेवंताबाईंचा फोटो हवा होता. फोटोग्राफर वसंतागुरुजींनी कॅमेरा आपल्या बारा वर्षांच्या शिष्येच्या, रचनाच्या हाती दिला. बाईंचे यजमान तेजरामजी शेजारी येताच त्या सवयीनं पाऊलभर मागे सरकल्या. फोटोत तेजरामजींची मिशी लख्ख आली, बाई मात्र धूसर. "भिंगाचं छिद्र, अपर्चर, बारीक कर, पोरी. मागचंही स्पष्ट येईल," गुरुजी पुटपुटले. "मले मालूम हाय, गुरुजी," म्हणत तिनं अपर्चर तसंच मोठं ठेवलं. "आजी, तुमी दोन पावलं समोर या. आबाजी, तुमी तिथंच राहा." "मंग मी नाही का धूसर येणार?" "हौ. पण सरपंच कोण हाय?" चाळीस वर्षं जोडप्यांचे फोटो काढताना गुरुजींनी एकाही बाईला पुढे बोलावलं नव्हतं. शिष्येच्या अभिमानानं त्यांचा ऊर भरला. शेवंताबाई ताठ मानेनं पुढे आल्या. तेजरामजी हसले, "अजून मांगं सरकू?"