दुपारचं सत्र

सॉफ्टवेअरं एकमेकांना जोडण्यावरची परिषद कंपनीनं दुष्काळी चारा छावणीजवळच्या हॉलात, फक्त आपल्याच स्टाफसाठी भरवली होती. दुपारच्या सत्राचा गोषवारा सायलीनं मात्र घरी, नळाखाली हंडा लावून लिहिला. दुष्काळात आठ दिवसांनी आलेलं पाणी कोण सोडणार? “जोडणीचं महत्त्व सगळ्यांना पटलं,” असं तिनं बेधडक ठोकून दिलं.

संध्याकाळी सुदर्शन सरांनी बोलावलं. आता नोकरी जाणार, या धास्तीनं तिनं आधीच सगळं कबूल केलं.

“अगं, मीपण घरीच होतो. सगळा स्टाफ पाणी भरत होता.”

“मग सर, वक्ते बोलले कुणापुढं?”

“त्यांचाच फोन होता. लई खूश! म्हणे, एवढे शांत श्रोते कुठंच पाहिले नाय.” सरांचा आवाज खाली आला. “आता हॉलवाला बोंबलतोय, दिवे घालवले तरी तुमची माणसं उठंनात.”